सेन्सरवरचा डाग: धूळ, तेल की ओरखडा?

सप्टेंबर २०१२ मध्ये निकॉनने डी६०० हा कॅमेरा आणला. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर, २४ मेगापिक्सेल आणि त्या काळाच्या मानाने आवाक्यातली किंमत, त्यामुळे हौशी छायाचित्रकारांनी त्याच्यावर उडीच घेतली. थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. आकाशाचे फोटो काढले की वरच्या डाव्या कोपऱ्यात करडे ठिपके दिसत होते, आणि तेही बहुतेकांना त्याच कोपऱ्यात. कॅमेरे भाड्याने देणारी लेन्सरेंटल्स ही अमेरिकी कंपनी परत आलेला प्रत्येक कॅमेरा तपासून साफ करते. तिनेही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हीच गोष्ट नोंदवली.

हवेतली धूळ कोपरा बघून बसत नाही. ठिपके एकाच जागी दाटत असतील आणि सफाईनंतरही पुन्हा तिथेच येत असतील, तर ते कॅमेऱ्याच्या आतूनच येत असणार. संशय शटरवर, म्हणजे सेन्सरपुढे उघडमीट करणाऱ्या पडद्यावर गेला. फेब्रुवारी २०१३ मध्ये निकॉनने या ठिपक्यांबद्दल सूचना काढली, ऑक्टोबरमध्ये नव्या शटर यंत्रणेचा डी६१० आला, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये डी६००ची तपासणी, सफाई आणि शटर बदलून देणं मोफत झालं, वॉरंटी संपलेल्यांसाठीसुद्धा. या प्रकरणात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की कॅमेरा न उघडता, नुसते फोटो नीट वाचून साध्या वापरणाऱ्यांनी दोषाची जागा शोधली. हे वाचन कुणालाही जमण्यासारखं आहे, कारण त्यामागे शाळेत शिकलेली सावलीची भूमिती आहे.

आपण ‘सेन्सरवर धूळ बसली’ म्हणतो, पण प्रत्यक्ष सेन्सरला धूळ शिवतही नाही. त्याच्यापुढे काचेचे थर असतात. त्यांतला एक अवरक्त किरण अडवतो, बऱ्याच कॅमेऱ्यांत दुसरा अतिसूक्ष्म तपशील किंचित मऊ करतो, म्हणजे कापडाच्या विणीवर नसलेल्या लाटा उमटत नाहीत. धूळ बसते ती या थरांतल्या सर्वांत बाहेरच्या काचेवर, आणि तिच्यापासून प्रकाश टिपणारे पिक्सेल थोडे मागे असतात. फोटोत दिसतो तो कण नसतो, त्याची मागे पडलेली सावली असते. निदानाची सगळी किल्ली या छोट्याशा अंतरात आहे.

पावसाळ्यातल्या ढगाळ दिवशी अंगणात आपली सावली पडत नाही, आणि ऊन निघालं की तीच सावली रेखीव होते. माणूस तोच, जमीन तीच, बदलते ती फक्त प्रकाश येण्याची रुंदी. कॅमेऱ्यात ही रुंदी लेन्समधलं लहानमोठं करता येणारं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर ठरवतं. लेन्स पूर्ण उघडी असताना एका पिक्सेलवर चहूबाजूंनी किरण येतात, मधला कण त्यांतले मूठभर अडवतो आणि बाकीचे बाजूने निघून जातात. अ‍ॅपर्चर बारीक केलं की किरणांचा शंकू निमुळता होतो, आणि तोच कण त्याचा मोठा हिस्सा झाकतो.

आकडे घालून पाहू. काचेचा पृष्ठभाग आणि पिक्सेल यांत २ मिलिमीटर अंतर धरू, काचेतलं वक्रीभवन बाजूला ठेवू. कणाच्या पातळीवर शंकूची रुंदी म्हणजे हे अंतर भागिले एफ-अंक; हा अंक जितका मोठा, तितकं छिद्र बारीक. एफ/२ला ती १ मिलिमीटर, एफ/२०ला ०.१ मिलिमीटर. कण ०.०५ मिलिमीटरचा, म्हणजे साधारण केसाच्या जाडीचा असेल, तर एफ/२ला तो शंकूच्या क्षेत्रफळाचा ४००वा भाग अडवतो. प्रकाशातली इतकी घट डोळ्याला कळत नाही. एफ/२०ला तोच कण चौथा भाग अडवतो आणि आकाशात ठळक ठिपका उमटतो. पोर्ट्रेट काढणाऱ्याला वर्षभर पत्ता लागत नाही आणि निसर्गचित्रं काढणाऱ्याला पहिल्याच दिवशी धूळ दिसते, ती यामुळे.

चाचणीही याच भूमितीवर बेतलेली आहे. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, सर्वांत कमी, अ‍ॅपर्चर एफ/१६ ते एफ/२२, फोकस हाताने आणि मुद्दाम चुकलेला. समोर एकसारखा उजळ पृष्ठभाग हवा: निरभ्र आकाश, पांढरी भिंत किंवा संगणकाचा कोरा पांढरा पडदा. शटर सेकंदभर उघडं ठेवून कॅमेरा हळूच हलवावा. भिंतीवरचे पोपडे आणि पडद्याचे ठिपके त्या हालचालीत पुसले जातात, काचेवरची धूळ मात्र सेन्सरसोबतच हलत असल्याने जागच्या जागी राहते. मग फोटो संगणकावर शंभर टक्के आकारात, कॉन्ट्रास्ट वाढवून बघावा. एफ/२२ला सगळा फोटो किंचित मऊ दिसतो. तो प्रकाशाच्या विवर्तनाचा, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना किरण पसरण्याचा परिणाम आहे, बिघाड नव्हे.

आता तोच फोटो एफ/४ला पुन्हा काढावा. ही दुसरी पायरी बरेच जण गाळतात, आणि माझ्या मते खरं निदान तिच्यातच आहे. एफ/२२ला ठळक असलेला डाग एफ/४ला पसरून नाहीसा झाला, तर तो बाहेरच्या काचेवर आहे. दोन्हींत तितकाच तीक्ष्ण राहिला, तर तो पिक्सेलच्या पातळीवरचा आहे. एकटाच लाल, निळा किंवा पांढरा चमकणारा बिंदू म्हणजे हॉट पिक्सेल. एक्स्पोजर लांबलं आणि सेन्सर तापला की असे बिंदू वाढतात, आणि पुसून ते जात नाहीत.

लेन्सवर संशय असेल तर लेन्स बदलून पाहावी. डाग त्याच जागी राहिला तर लेन्स निर्दोष. लेन्सच्या पुढच्या काचेवरची धूळ सेन्सरपासून इतकी दूर असते की तिची ठिपक्यासारखी सावली सहसा पडतच नाही. कोकणातल्या दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते, तीही बहुधा ठिपके पाडत नाही, पण सगळं चित्र धुरकट करते. आणि डीएसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या, व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारा, पण फोटोत नसलेला कण फोकसिंग स्क्रीनवर किंवा व्ह्यूफाइंडरच्या आत असतो. त्यासाठी सेन्सरला हात लावायची गरज नाही.

ठिपक्याचा आकारही बोलतो. कोरड्या कणाची सावली साधारण गोल आणि गडद असते, कापडाचा तंतू वळवळत्या रेघेसारखा दिसतो. तेलाच्या किंवा वंगणाच्या थेंबातून प्रकाश आरपार जातो, त्यामुळे डागाचा मध्य उजळ आणि कडा गडद अशी कडी बरेचदा दिसते. ब्लोअरच्या, म्हणजे हवेच्या रबरी फुग्याच्या, फुंकरीने कोरडा कण हलतो. तेल जागचं हलत नाही, त्याला ओला स्वॅब, म्हणजे सफाईच्या द्रवाने भिजवलेली कापडी पट्टी लागते.

ओरखड्याची भीती सगळ्यांत मोठी, आणि तिथेच घाईने चुकीचा निष्कर्ष काढला जातो. ओरखडा बहुतेक वेळा काचेवर किंवा तिच्या लेपावर असतो, म्हणून तोही धुळीसारखाच बारीक अ‍ॅपर्चरला ठळक होतो आणि मोठ्या अ‍ॅपर्चरला विरतो. फरक असा की तो रेघ असतो, तिची एक कड अनेकदा उजळ असते, आणि फुंकर किंवा स्वॅब यांनंतर तिच्यात कणभरही बदल होत नाही. रेघ थोडी जरी सरकली किंवा तुटली, तर तो तंतू होता किंवा सफाईच्या द्रवाचा वाळलेला ओघळ. याउलट फ्रेमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अगदी सरळ, उभी किंवा आडवी, एका पिक्सेलच्या रुंदीची रेघ दिसली, तर तो ओरखडा नाही. हातून पडलेली रेघ पिक्सेलच्या रांगेशी इतकी तंतोतंत जुळत नाही. तो सेन्सरच्या विद्युत रचनेतला दोष असतो. लेझर शोमध्ये किरण थेट लेन्समध्ये शिरला तरी अशा रेघा कायमच्या उमटू शकतात.

काच साफ करण्याआधी एक उलटापालट लक्षात ठेवावी. लेन्स चित्र उलटं पाडते, म्हणून फोटोत वर दिसणारा डाग काचेवर खाली असतो. डावी-उजवी बाजू मात्र लेन्स काढून समोरून पाहताना फोटोसारखीच राहते. डी६००च्या फोटोतला वरचा डावा कोपरा म्हणजे समोरून पाहताना काचेचा खालचा डावा कोपरा. जागा माहीत असली की काचेला कमीत कमी स्पर्श होतो. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे तुषार उडतात. डब्यातली दाबाखालची हवा वापरू नये, तिच्यातला थंड द्रव काचेवर डाग पाडतो. डीएसएलआरची बॅटरी पूर्ण भरलेली असावी, नाहीतर सफाईच्या मध्येच आरसा खाली येतो.

२००३ मध्ये ऑलिंपसच्या ई-१ने सेन्सरपुढचा फिल्टर प्रचंड वेगाने थरथरवून धूळ झटकण्याची युक्ती आणली, आणि आज ती बऱ्याच कॅमेऱ्यांत आहे. कोरड्या धुळीवर ती चालते, तेलावर नाही.

धुळीचा हा नकाशा दुसऱ्या कामालाही येतो. अहमत एमिर दिरिक, हुसरेव ताहा सेनजार आणि नासिर मेमन यांनी २००८ मध्ये दाखवलं, की ठिपक्यांच्या मांडणीवरून एखादा फोटो कोणत्या डीएसएलआरने काढला हे ओळखता येतं. खगोलशास्त्रज्ञ तर धुळीशी रोजच व्यवहार करतात. पुणे जिल्ह्यात गिरवलीला आयुका या खगोलशास्त्र संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण आहे. अशा परावर्तक दुर्बिणींत मधल्या आरशाने प्रकाशाचा गाभा अडतो, त्यामुळे धुळीची सावली मेदूवड्यासारखी कडी होते. कडी जितकी मोठी, तितका कण सेन्सरपासून दूर, म्हणजे फिल्टरवर की कॅमेऱ्याच्या खिडकीवर हे मोजून कळतं. संधिप्रकाशातल्या एकसारख्या आकाशाचे फोटो घेऊन त्या फोटोंनी रात्रीच्या फोटोंना भागलं, की सावल्या निघून जातात.

काच बदलण्याचा खर्च परवडत नसेल, तर ओरखड्यावर हाच उपाय घरीही चालतो. कोऱ्या पडद्याचा फोटो घेऊन तो सॉफ्टवेअरला संदर्भ म्हणून द्यायचा. कॅनन आणि निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांत धुळीच्या डागांसाठी अशीच संदर्भ फोटोची सोय आहे. मात्र भागाकाराने डाग घालवायचा, तर संदर्भ फोटो आणि मूळ फोटो यांचं अ‍ॅपर्चर जवळपास सारखं हवं, कारण एफ/८ची सावली एफ/२२च्या सावलीशी जुळत नाही. आणि काचेची सफाई झाली, की नवा संदर्भ फोटो घ्यावा लागतो.