मागचे अंदाज टाकून न देण्याचा इतिहास

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या मळ्यात ठिबकचा एक वॉल्व्ह बंद केला, की बाकीच्या नळ्यांमधला दाबही थोडाथोडा बदलतो. घर्षणाने होणारी दाबाची घट प्रवाहाच्या सरळ प्रमाणात नसते. हेझन-विल्यम्स सूत्रात ती प्रवाहाच्या 1.852 व्या घाताने वाढते. त्यामुळे जोडाजोडावरचा दाब अज्ञात धरून मांडलेली समीकरणे अरेषीय होतात आणि ती सगळी एकत्रच सोडवावी लागतात.

अशा जाळ्यांसाठी इलिनॉय विद्यापीठातील हार्डी क्रॉस यांनी 1936 मध्ये हाताने करण्याजोगी रीत दिली: प्रवाहाचा अंदाज धरायचा, एकेका वेढ्यातली चूक दुरुस्त करायची आणि पुन्हा पहिल्यापासून फिरून यायचे. जाळे मोठे झाले की ही रीत रेंगाळते. न्यूटनची पद्धत, म्हणजे समीकरणांचा उतार पाहून अंदाज सुधारत जाण्याची रीत, उत्तराजवळ आल्यावर दर फेरीला बरोबर अंक जवळपास दुप्पट करते. मात्र त्यासाठी सर्व अवकलजांचा तक्ता, म्हणजे कोणता अज्ञात हलवला की कोणते समीकरण किती बदलते हे सांगणारा जेकोबियन मॅट्रिक्स, प्रत्येक वेळी नव्याने मांडावा लागतो. हजार अज्ञातांच्या भरगच्च मॅट्रिक्समध्ये 10 लाख पदे असतात आणि तो एकदा सोडवायला सुमारे 33 कोटी गुणाकार लागतात. वीजजाळ्यात हे ओझे हलके होते, कारण भुसावळजवळच्या दीपनगरसारखे वीजनिर्मिती केंद्र थेट मोजक्याच उपकेंद्रांना जोडलेले असते आणि मॅट्रिक्समध्ये बहुतेक शून्येच उरतात; टिनी आणि हार्ट यांनी 1967 मध्ये याचाच फायदा घेतला.

मागचे अंदाज वापरण्याकडे खरे वळण मात्र, माझ्या मते, 1965 चे. इंग्लंडमध्ये चार्ल्स ब्रॉयडन यांनी जेकोबियन पुन्हा न मोजता, शेवटच्या पावलातून जेवढे कळले तेवढीच दुरुस्ती जुन्या मॅट्रिक्समध्ये करण्याची पद्धत मांडली. त्याच वर्षी अमेरिकेत डोनाल्ड अँडरसन यांनी मॅट्रिक्सच बाजूला ठेवला: मागचे चार-पाच अंदाज आणि त्यांच्या चुका जपायच्या, बेरीज 1 होईल अशा वजनांनी (म्हणजे गुणकांनी) त्या चुका एकत्र करून उरणारी चूक कमीत कमी करायची, आणि त्याच वजनांनी पुढचा अंदाज घडवायचा. यात दर फेरीला चार-पाच अज्ञातांचे एक छोटे गणित तेवढे वाढते. पुलाय यांनी 1980 मध्ये क्वांटम रसायनशास्त्रात हीच कल्पना वेगळ्या नावाने आणली. ब्रॉयडन आणि अँडरसन यांच्या पद्धती एकाच कुळातल्या आहेत, हे फँग आणि साद यांनी नीट मांडले ते 2009 मध्ये.