लाल महाल आणि शनिवारवाडा: जुने काय, नवे काय

पुण्यात एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या लाल महाल आणि शनिवारवाडा या दोन वास्तूंची गल्लत इतक्या वेळा ऐकू येते की ती एकदा सविस्तर दूर करावी असे वाटते. शिवाजी महाराजांचे बालपण शनिवारवाड्यात गेले असे सांगणारेही भेटतात. तो भाग दोन वाक्यांत मिटतो. लाल महाल शहाजीराजांनी जिजाबाई आणि बाल शिवाजी यांच्यासाठी सतराव्या शतकात बांधला, तर शनिवारवाड्याची पायाभरणी पहिल्या बाजीरावाने 10 जानेवारी 1730 रोजी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या निधनानंतर जवळपास 50 वर्षांनी केली.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती शहराचा इतिहास जाणणाऱ्यांनाही चकवते. आज जो लाल महाल आपल्याला दिसतो, ती 1980च्या दशकात पुणे महानगरपालिकेने उभारलेली नवी इमारत आहे. मूळ महाल फार पूर्वी नष्ट झाला, त्याच्या जागेच्या केवळ काही भागावर हे स्मारक उभे राहिले आणि त्याची रचनाही मूळ महालाची प्रतिकृती नाही. त्यामुळे 5 एप्रिल 1663 च्या रात्री महाराजांनी ज्या महालात शिरून तेथे तळ ठोकून बसलेल्या शायिस्ताखानाची बोटे छाटली, तो प्रसंग या भूमीवर घडला, पण या भिंतींमध्ये घडला नाही. "याच खिडकीतून खान पळाला" असे एखादा वडीलधारा माणूस मुलांना बोट दाखवून सांगतो, तेव्हा मला फार वाईट वाटते, कारण मुलाच्या मनात ती खिडकीच इतिहास म्हणून कायम होते. स्मारकाला स्मारक म्हटल्याने त्या रात्रीच्या धाडसाचे मोल कणभरही कमी होत नाही. म्हणून आजच्या इमारतीला मी नेहमी "लाल महाल स्मारक" असेच म्हणतो.

शनिवारवाड्याची गोष्ट नेमकी उलटी आहे. तेथे बाहेरचे अस्सल आहे, आतले मात्र नाहीसे झाले आहे. नऊ बुरुजांचा, खाली दगडी आणि वर विटांचा तट, हत्तीच्या धडकेला अडवणाऱ्या अणकुचीदार खिळ्यांचा दिल्ली दरवाजा आणि त्यावरचा नगारखाना हे सारे पेशवाईतले आहे, तर ज्यावरून त्याला वाडा म्हणतात तो मजल्यांचा लाकडी वाडा फक्त जोत्यांच्या रूपात उरला आहे. आत पाऊल टाकताच "येथे तर काहीच नाही" असे म्हणून परत फिरणाऱ्यांनी ती जोतीच पाहावीत, कारण दालनांची मांडणी आणि कारंज्यांच्या जागा तेथेच वाचता येतात.

वाडा इंग्रजांच्या तोफांनी उडाला, हा आणखी एक हट्टी समज आहे. 17 नोव्हेंबर 1817 रोजी त्यावर इंग्रजांचे निशाण चढले, तेव्हा वाडा शाबूत होता. पहिले कलेक्टर रॉबर्टसन काही काळ तेथे राहिले, पुढे त्याच छपराखाली तुरुंग, दवाखाना आणि वेड्यांचे इस्पितळ भरले. जेथून मोहिमा ठरत, जेथे 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेथे कैदी आणि रुग्ण वावरू लागले. 1828 च्या फेब्रुवारीत लागलेल्या आणि अनेक दिवस धुमसलेल्या आगीने लाकूडकाम भस्म केले, म्हणजे राज्य गेल्यानंतर तब्बल दहा वर्षांनी. त्यानंतर तटाच्या आत पोलिसांची वस्ती होती. 1919 मध्ये वाडा संरक्षित स्मारक ठरला आणि पुढील काही वर्षांच्या खोदकामात, आज बागेच्या हिरवळीत दिसणारे ते पाये उघडे पडले.

दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी पाहणार असाल, तर आधी शनिवारवाड्याच्या तटावरून एक फेरी मारावी, खाली पसरलेली जोती नजरेत घ्यावीत आणि मग लाल महालाकडे जावे. त्या क्रमाने गेल्यास जुन्या दगडाची सवय झालेला डोळा नव्या बांधकामाला आपोआप नवे म्हणून ओळखतो.