टाचेमागची ‘शीर’, जी शीर नाहीच

जानेवारीचा तिसरा रविवार जवळ येऊ लागतो, आठवड्याचे किलोमीटर वाढतात, आणि एका सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकताना टाचेच्या मागे, दोन-तीन बोटं वर, काहीतरी ताठरल्यासारखं होतं. दहा-बारा पावलं लंगडत गेलं की मोकळं होतं. मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या अनेकांना हे ओळखीचं वाटेल. यंदा पाळी माझ्या डाव्या पायाची होती. सल्ले दोनच मिळाले : “शीर चढलीय, बसवून घे” आणि “दोन महिने पाय हलवू नकोस.” दोन्ही ऐकू नयेत असं मला मनापासून वाटतं.

एक तर ही शीर नाही. शीर म्हणजे रक्तवाहिनी. इथे दुखते ती अकिलीस कंडरा, पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारा दोर. तो कोलॅजन या प्रथिनाच्या समांतर तंतूंचा असतो आणि त्याला रक्तपुरवठा फार थोडा असतो. धावताना प्रत्येक पावलाला त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. माणूस ७० किलोचा असेल तर जवळजवळ अर्धा टन, आणि दहा किलोमीटरच्या धावेत एकेका पायाला हे पाच हजारांच्या आसपास वेळा. किलोमीटर एकदम वाढवले की तंतूंची झीज दुरुस्तीच्या पुढे जाते. जागेवरून हललेलं काहीच नसतं, त्यामुळे ‘बसवण्या’सारखंही काही नसतं. दुखरी कंडरा तेल लावून जोरात रगडून घेतली तर ती आणखी चिडते, एवढंच.

या कंडरेबद्दलची मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट अणुबाँबच्या चाचण्यांमुळे कळली. १९५५ ते १९६३ या काळात उघड्यावर झालेल्या चाचण्यांनी हवेतलं कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, जवळजवळ दुप्पट केलं. १९६३च्या चाचणीबंदी करारानंतर ते वर्षागणिक कमी होत गेलं. हवेतला कार्बन झाडांत, झाडांतून अन्नात, अन्नातून आपल्या शरीरात येतो. म्हणून शरीराचा एखादा भाग ज्या वर्षी घडला, त्या वर्षीच्या हवेचा शिक्का त्याच्यावर राहतो. भाग सतत नवा होत असेल, तर शिक्काही ताजा होत जातो. डेन्मार्कच्या संशोधकांनी मृत व्यक्तींच्या अकिलीस कंडरा तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. स्नायूंवरचे शिक्के ताजे होते. कंडरेच्या गाभ्यावर मात्र आयुष्याच्या पहिल्या साधारण १७ वर्षांतल्या हवेचा शिक्का होता. म्हणजे चाळिशीत आपण धावतो ते शाळा-कॉलेजच्या वयात विणलेल्या दोरावर!

मग उपचाराने बदलतं काय? जुना गाभा उसवून नवा विणला जात नाही. दुखऱ्या भागाभोवतीची निरोगी कंडरा भार पेलायला अधिक समर्थ होते. तंतूंच्या मधे पेशींच्या रांगा असतात. ताण आला की शेजारचे तंतू एकमेकांवरून किंचित सरकतात, पेशीचं आवरण ओढलं जातं आणि त्यातली पिझो-१ नावाची प्रथिनांची दारं उघडून कॅल्शियम आत शिरतं. पिझो शोधल्याबद्दल आर्डेम पाटापूटियन यांना २०२१चं नोबेल विभागून मिळालं. त्याच वर्षी झुरिकच्या संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवलं की हे दार जास्त उघडणारं असेल तर कंडराही जास्त ताठ, म्हणजे चांगली स्प्रिंग होते. पायावर भारच आला नाही तर तंतू सरकत नाहीत आणि हा निरोप पेशीला जात नाही. पूर्ण विश्रांतीत दुखणं शमतं, पण कंडरा दुबळीच राहते.

वेळेचंही गणित आहे. जोरकस व्यायामानंतर पहिला दिवस-दीड दिवस कोलॅजन मोडण्याचा वेग घडण्यापेक्षा जास्त असतो. मग घडण पुढे जाते आणि साधारण तीन दिवसांपर्यंत चालू राहते. रोज जोरात धावणारा नेमका तोट्याच्या दिवशीच पुन्हा ताण देतो.

१९९८ मध्ये स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी १५ धावपटूंना पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली नेण्याचा व्यायाम दिला. तो रोज दोनदा, १२ आठवडे करायचा होता. पंधराही जण पुन्हा धावू लागले. पुढे २०१५ मध्ये डेन्मार्कमध्ये आठवड्यातून तीनदाच, पण जड वजनाने अतिसावकाश केलेल्या व्यायामाचा तितकाच फायदा दिसला. मी हाच निवडला, कारण वरच्या गणितात तो बसतो. कोलॅजन पावडरचे डबे मात्र घेतले नाहीत. खाल्लेलं कोलॅजन पोटात अमिनो आम्लं आणि लहान तुकड्यांत मोडतं, ते थेट टाचेत जाऊन बसत नाही.

धावणं थांबवलं नाही, एक दिवसाआड केलं. दुखणं दहापैकी पाचच्या आत राहावं, दुसऱ्या सकाळी मूळपदावर यावं आणि आठवड्यागणिक वाढू नये, ही स्वीडिश अभ्यासातली मोजपट्टी वापरली. चढ बंद केले, कारण चढावर घोटा जास्त वाकतो आणि कंडरा जास्त ताणली जाते. पेडर रोडचा चढ शर्यतीच्या दिवशी भेटेलच.

मागून कोणी लाथ मारावी तसा फटका बसला आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर कंडरा तुटलेली असू शकते. तेव्हा व्यायाम नको, त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा. आणि पोट बिघडलं म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) घेताना डॉक्टरांना टाचेबद्दल जरूर सांगावं. या गटातली औषधं कंडरा कमकुवत करू शकतात.