टेकऑफ रद्द करणं

विमान रनवेवर धावत असताना, हवेत उठायच्या आधीच पायलटने उड्डाण सोडून देऊन ते तिथेच थांबवणं म्हणजे टेकऑफ रद्द करणं, रिजेक्टेड टेकऑफ, वैमानिकांच्या बोलण्यात नुसतं आरटीओ. कारणं बरीच असतात, इंजिन जातं, टायर फुटतो, पक्षी धडकतो, टॉवर थांबायला सांगतो, पण डोक्याला सगळ्यात जास्त ताण देणारा प्रसंग म्हणजे वेग वाढत असताना समोर अचानक एखादा वॉर्निंग लाईट पेटतो तो. लाईट पेटला म्हणजे काहीतरी बिघडलंय आणि बिघडलंय तर थांबायचं, असं आपल्याला गाडी चालवायच्या सवयीने वाटतं. विमानात हे अर्धंच खरं आहे, कारण तिथे पहिला प्रश्न ‘काय बिघडलं’ हा नसतोच, ‘आत्ता स्पीड किती’ हा असतो.

यामागचं गणित साधं आहे. धावत्या विमानातली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ७० नॉटला (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) थांबवायला ब्रेकना जेवढं काम पडतं त्याच्या चौपट १४० नॉटला पडतं, आणि तोवर पुढचा रनवेही बराच संपलेला असतो. ७० नॉटला थांबणं म्हणजे प्रवाशांना एक जोराचा हिसका आणि थोडा उशीर, पण १४० नॉटला भरलेलं विमान थांबवणं हा स्वतःच एक धोका आहे, आणि तो धोका त्या लाईटच्या धोक्यापेक्षा मोठा असू शकतो ही गोष्ट मनात पक्की बसायला वैमानिकांनाही ट्रेनिंग लागतं.

इथे व्ही-वन हा वेग येतो. याला निर्णयाचा वेग म्हणतात आणि त्या नावामुळेच गैरसमज होतो, की व्ही-वनला पोचलं की ठरवायचं. तसं नाही. थांबायचं असेल तर व्ही-वनपर्यंत पहिली कृती सुरू झालेली पाहिजे, थ्रस्ट लिव्हर (इंजिनाचा जोर कमीजास्त करायचा दांडा) मागे किंवा ब्रेक दाबलेला, म्हणजे विचार त्याच्या आधीच संपलेला हवा. जेट विमान त्या टप्प्यात सेकंदाला तीन ते सहा नॉट वेग घेतं, तेव्हा दोन सेकंद घुटमळलं तरी हिशोब बदलला. व्ही-वन दर उड्डाणाला वेगळा निघतो, वजन, रनवेची लांबी, तापमान, वारा, फ्लॅप (पंखाच्या कडेचे, कमी वेगात उचल वाढवणारे पट्टे), रनवे ओला की कोरडा, सगळं त्यात येतं. त्याच्या दुसऱ्या बाजूची हमी अशी की व्ही-वनला एक इंजिन गेलं आणि तरी पुढे गेलात, तर उरलेल्या इंजिनावर विमान उड्डाणासाठी मोजलेल्या अंतरात किमान ३५ फूट उंचीवर पोचेल (ओल्या रनवेला १५ फूट). एक बारकावा मात्र फार लोक लक्षात घेत नाहीत, तो असा की ही सगळी आकडेमोड ब्रेक आणि टायर धड आहेत असं धरून केलेली असते, त्यामुळे टायर फुटल्यामुळे थांबायला गेलात तर जे थांबवणार तेच कमजोर झालेलं असतं आणि कागदावरचं अंतर पुरेलच असं नाही.

म्हणून टेकऑफचे दोन भाग पाडतात. बोईंगच्या पद्धतीत ८० नॉटपर्यंत आणि एअरबसच्या पद्धतीत १०० नॉटपर्यंत कमी वेगाचा भाग. त्यात कुठलाही इशारा, मास्टर कॉशन (काहीतरी बिघडल्याचा सर्वसाधारण इशारा), विचित्र आवाज, उघड्या दाराचा लाईट, काहीही आलं तरी थांबण्याकडे कल, कारण थांबणं स्वस्त असतं. त्यानंतर व्ही-वनपर्यंत यादी एकदम आखूड होते: आग किंवा आगीचा इशारा, इंजिन निकामी होणं, पुढे विंडशिअर (वाऱ्याचा वेग किंवा दिशा अचानक बदलणं) असल्याचा इशारा, आणि विमान उडूच शकणार नाही किंवा उडणं असुरक्षित आहे असं दिसणं. हेच दार उघडं असल्याचा लाईट १२० नॉटला पेटला तर वर जायचं, दार हवेत बघून घेता येतं. व्ही-वननंतर तर बहुतेक सगळंच वर घेऊन जायचं, इंजिनला आग लागली असली तरी.

लाईटचेही प्रकार आहेत, लाल म्हणजे वॉर्निंग आणि अंबर म्हणजे कॉशन. पण मला या विषयातली सगळ्यात विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते ती म्हणजे जे लाईट मुद्दाम पेटत नाहीत ते. एअरबस ए-३२० मध्ये ८० नॉटपासून १५०० फूट उंचीपर्यंत कमी महत्त्वाचे इशारे दाबून ठेवतात, नंतर सांगतात. बिघाड झालेला असतो, कॉम्प्युटरला माहीत असतो, तरी तो गप्प बसतो, कारण त्या क्षणी सांगण्यानेच माणूस चुकीचा ब्रेक मारेल ही भीती जास्त खरी आहे. सगळ्या विमानांत ही सोय सारखी नाही, जुन्या डिझाईनमध्ये किरकोळ लाईटही ऐन वेगात पेटू शकतो, आणि तिथे सगळा भार पायलटच्या शिस्तीवर येतो. उलट एक इशारा असा आहे की तो आला की वादच नाही, टेकऑफ कॉन्फिगरेशन वॉर्निंग. फ्लॅप नीट लावलेले नसताना थ्रस्ट वाढवला की तो सुरुवातीलाच वाजतो आणि तिथेच थांबायचं असतं. १९८७ मध्ये डेट्रॉइटला आणि २००८ मध्ये माद्रिदला फ्लॅप न लावता विमानं निघाली, दोन्ही वेळा हा अलार्म वाजलाच नाही, आणि दोन्ही ठिकाणी दीडशेहून जास्त माणसं गेली. त्यामुळे लाईट नाही म्हणजे सगळं ठीक, हेही धरून चालत नाही.

अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने विमान बनवणाऱ्या आणि चालवणाऱ्या कंपन्यांबरोबर १९९० च्या दशकात टेकऑफ सुरक्षिततेचं जे ट्रेनिंग साहित्य काढलं त्यात रद्द केलेल्या टेकऑफमध्ये रनवेबाहेर गेलेल्या ७४ घटना तपासल्या होत्या. निम्म्याहून जास्त वेळा थांबण्याचा निर्णय व्ही-वननंतर घेतलेला होता, आणि इंजिनाचा जोर खरोखर कमी झालेल्या घटना साधारण पाव भागच होत्या. म्हणजे बहुतेक विमानांची इंजिनं पूर्ण जोरात चालू होती.

१९८२ ला मालागामध्ये एका डीसी-१० च्या पुढच्या चाकाच्या टायरचा थर सुटला, जोरात थरथर सुरू झाली, पायलटला काय होतंय कळेना आणि त्याने नाक उचलायच्या वेगाला टेकऑफ सोडला, विमान रनवे सोडून रस्ता ओलांडून गेलं आणि ३९४ पैकी ५० जण वारले. १९९२ ला न्यूयॉर्कला एका एल-१०११ ने जमीन सोडता सोडता स्टॉलचा (पंखांची उचल जात असल्याचा) खोटा इशारा दिला, को-पायलटने कंट्रोल कॅप्टनकडे दिला, आणि नीट उडत असलेलं विमान परत खाली टेकवलं गेलं, ते जळालं पण २९२ जण सगळे वाचले. २०१४ ला फिलाडेल्फियात एका ए-३२० मध्ये कॉम्प्युटरमध्ये चुकीचा रनवे भरल्यामुळे थ्रस्ट लिव्हरबद्दलचा इशारा धावायला लागताच आला होता, तेव्हा थांबायला भरपूर जागा होती, तरी ते पुढे गेले आणि मग नाक उचलल्यावर रद्द केलं, पुढचं चाक मोडलं, सुदैवाने कोणी गेलं नाही. कमी वेगात सोडून दिलेली शंका जास्त वेगात परत येते ती अशी.

पण ‘व्ही-वननंतर कधीच नाही’ हेही आंधळेपणाने म्हणता येत नाही. २०१७ च्या मार्चमध्ये मिशिगनच्या विलो रन विमानतळावर एका एमडी-८३ चा एलेव्हेटर (शेपटीवरचा, नाक वर-खाली करणारा भाग) विमान उभं असताना वाऱ्याने अडकला होता, कुठलाही लाईट नव्हता, आणि नाक उचलायला ओढलं तर विमान हलेचना. पायलटने व्ही-वन ओलांडल्यावर टेकऑफ सोडला, शेजारच्या सीनियर पायलटने हात घालायचा मोह आवरला, विमान रनवेबाहेर गेलं आणि ११६ च्या ११६ जण बाहेर आले. अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेने, एनटीएसबीने, तो निर्णय योग्य ठरवला. यादीतला शेवटचा मुद्दा, विमान उडूच शकत नाही, तो अशासाठीच आहे, नुसत्या शंकेसाठी नाही.

निर्णय बहुतेक एअरलाइन्समध्ये कॅप्टनचाच असतो. को-पायलट उडवत असला तरी थ्रस्ट लिव्हरवर हात कॅप्टनचा, आणि व्ही-वनची हाक आली की तो हात उचलतो, म्हणजे आता मागे ओढायची सवयही आड येऊ नये. टेकऑफच्या आधीच्या ब्रीफिंगमध्ये कशासाठी थांबायचं, कशासाठी नाही, कोण काय बोलेल हे तोंडाने म्हणून घेतात, दिवसातला चौथा टेकऑफ असला तरी.

थांबायचं ठरलं की लिव्हर आयडलवर (किमान जोर), पूर्ण ब्रेक, स्पॉइलर (पंखांवरचे, उचल मारणारे पट्टे) वर, रिव्हर्स (इंजिनाचा जोर उलट दिशेला). ऑटोब्रेक आरटीओवर ठेवलेला असेल तर ठरावीक वेगाच्या वर तो स्वतः पूर्ण ब्रेक लावतो. मोठ्या वेगातून थांबल्यावर ब्रेक इतके तापू शकतात की चाकांमधले फ्यूज प्लग वितळून टायरमधली हवा मुद्दाम सोडली जाते, नाहीतर टायर फुटेल, म्हणून ब्रेक थंड होईपर्यंत परत निघता येत नाही. आणि थांबलं म्हणजे सुटलो असंही नसतं, १९८५ ला मँचेस्टरला इंजिन फुटून आग लागलेलं ७३७ नीट थांबलं होतं, पण रनवेवरून वळून उभं राहिल्यावर वाऱ्याने आग विमानाच्या अंगावर आणली आणि ५५ जण गेले.

एका इंजिनाच्या छोट्या विमानात व्ही-वन नसतोच, तिथे पायलट स्वतःच रनवेवरची एखादी खूण ठरवून घेतो, आणि साधा नियम असा की निम्मा रनवे संपेपर्यंत उठायच्या वेगाच्या ७० टक्के वेग आला नसेल तर थांबायचं. ऑइल प्रेशरचा लाईट किंवा न हलणारा स्पीडचा काटा सुरुवातीला दिसला तर लगेच बंद करावं. दार उघडलं तर मात्र बहुतेक छोटी विमानं व्यवस्थित उडतात, अपघात होतात ते खडखडणारं दार धरायला वळून विमान उडवायचं विसरल्यामुळे.