कॅमेरा वायरचा की वायफायचा? ऑर्डर देण्याआधी एवढं वाचा

दुकानात येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा एकच मागणी घेऊन येतं : "बिनवायरचा कॅमेरा दाखवा, आत्ताच रंग काढलाय, भिंतीला भोकं नकोत." आम्ही कॅमेरा दाखवतो आणि त्याच्या मागची वायरही दाखवतो. वायफायच्या कॅमेऱ्याला वीज लागतेच. वाचते ती फक्त चित्र वाहून नेणारी केबल. दाराबाहेर कॅमेरा हवा असेल, तर घरातल्या प्लगपासून चौकटीवरून एक वायर बाहेर न्यावी लागणार, म्हणजे एक भोक आलंच.

बॅटरीवर चालणारे कॅमेरे खरोखर बिनवायरचे असतात. पण ते सहसा सतत रेकॉर्डिंग करत नाहीत, हालचाल दिसली की जागे होतात. बंगल्याच्या मागच्या दाराला ते छान. आपल्याकडे एका मजल्यावर चार-सहा दारं, पहाटे दूधवाला, मग पेपरवाला, कचरेवाला, शाळेची मुलं. कॅमेरा दिवसभर जागाच राहतो आणि बॅटरी लवकर उतरते. दर थोड्या दिवसांनी स्टुलावर चढून तो काढायची तयारी असेल तरच घ्या.

आता वायफायबद्दल. बरेचसे घरगुती कॅमेरे वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ या पट्ट्यावरच चालतात. हा पट्टा भिंतींतून बरा जातो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच : 1, 6 आणि 11. रात्री नऊला फोनवर वायफायची यादी उघडा. अख्ख्या बिल्डिंगचे राउटर त्या तीन चॅनेलांत दाटीवाटीने बसलेले दिसतील, सकाळच्या विरार लोकलसारखे. त्यात आरसीसीची भिंत आणि लोखंडी सेफ्टी डोअर.

म्हणून पैसे देण्याआधी एक चाचणी घरीच करा. रात्री नऊच्या सुमारास, जिथे कॅमेरा लावायचा तिथे उभे राहा, मोबाइल डेटा बंद करा, दार लावून घ्या आणि घरच्या वायफायवरून कुणालाही दहा मिनिटं व्हिडिओ कॉल लावा. चित्र अडकलं, तर कॅमेऱ्याचंही अडकेल. मग राउटर दाराजवळ आणा, नाहीतर वायर टाका.

वायरचे प्रकार दोन. जुना म्हणजे कोएक्स केबल (टीव्हीच्या केबलसारखी) आणि डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा. त्यात कॅमेऱ्याला वीज वेगळ्या तारेने जाते. दुसरा पीओई : एकाच नेटवर्क केबलमधून वीजही जाते आणि चित्रही, रेकॉर्डिंग एनव्हीआरवर (नेटवर्क कॅमेऱ्यांचा तसाच डबा). एका केबलची मर्यादा साधारण 100 मीटर, घरासाठी भरपूर. नवीन काम असेल तर आम्ही पीओईच सुचवतो. घराचं इंटिरिअर चालू असेल, तर पीओपी होण्याआधी आम्हाला बोलवा. नंतर पट्टी मारून केबल नेता येते, पण ती दिसते आणि मग घरचे आमच्यावर चिडतात.

रेकॉर्डिंग किती दिवस राहील, हा प्रश्न सगळ्यांना चोरी झाल्यावर सुचतो. सेकंदाला 2 मेगाबिट वेगाने सतत रेकॉर्डिंग करणारा एक कॅमेरा दिवसाला साधारण 21 जीबी खातो. म्हणजे 64 जीबीच्या मेमरी कार्डात जेमतेम तीन दिवस. चार कॅमेरे आणि 1 टीबीची हार्ड डिस्क असेल, तर अकरा दिवस. शिवाय कार्ड कॅमेऱ्यातच असतं. चोराने कॅमेरा उपटला, की पुरावाही त्याच्याच पिशवीत.

आमच्या सगळ्यात जास्त तक्रारी येतात त्या गणपतीत. माणसं गावी पोचतात, फोन उघडतात, कॅमेरा बंद. कारण निघताना सवयीने मेन स्विच खाली केलेला असतो! यात वायरचा कॅमेराही वाचत नाही. कॅमेरा आणि राउटर ज्या एमसीबीवर (मेन बोर्डातला छोटा स्विच) आहेत तेवढा चालू ठेवा, बाकीचे पाडा. इंटरनेटचा रिचार्ज मधेच संपत नाही ना, तेही बघा. इंटरनेट गेलं तरी डीव्हीआरचं रेकॉर्डिंग चालू राहतं, गावाहून दिसत नाही इतकंच.

मुंबईत वीज सहसा जात नाही, म्हणून लोक यूपीएस (वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा डबा) टाळतात. 12 ऑक्टोबर 2020 ला शहराचा मोठा भाग काही तास अंधारात होता. आणि चोराला ग्रिडची गरज नसते, खालच्या मीटर रूममधला स्विच पुरतो. पीओईत एनव्हीआर, नेटवर्क स्विच (सगळ्या कॅमेऱ्यांच्या केबल जोडायचा डबा) आणि राउटर अशा एका जागच्या वस्तू यूपीएसवर घेतल्या की सगळे कॅमेरे चालू राहतात. वायफायचे कॅमेरे वेगवेगळ्या प्लगवर, त्यांना हे जमत नाही.

सोसायटीच्या कमिटीसाठी : डीव्हीआर वॉचमनच्या केबिनमध्ये जमिनीवर ठेवू नका. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस झाला होता. दरवर्षी पाणी तुंबणाऱ्या हिंदमाताकडच्यांना ही आठवण आम्ही करून द्यायला नको. वरळी, वर्सोव्याच्या खाऱ्या हवेत कनेक्टर गंजतात, ते बंद डबीतच बसवून घ्या.

मग घ्यायचं काय? अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर राहत असाल किंवा बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जायच्या गप्पा चालू असतील, तर वायफायचा एक कॅमेरा घ्या, घर बदलताना सोबत न्या. आजी-आजोबांवर किंवा बाळावर लक्ष ठेवायलाही तोच. घर स्वतःचं, दोनहून जास्त कॅमेरे, किंवा खाली दुकान असेल, तर वायर. वायरच्या कामात आमची मजुरी जास्त होते हे खरं, पण नंतरचे फोन कमी येतात.

कुठलाही घ्या, पहिल्या दिवशी पासवर्ड बदला, आमच्या माणसासमोरही टाइप करू नका. कॅमेऱ्यात शेजाऱ्यांचं दार येत असेल तर आधी त्यांना विचारा. नसेल पटत, तर आम्ही कोन फिरवून देतो किंवा तेवढा भाग सेटिंगमध्ये झाकतो.

दुकानात येताना मुख्य दार, राउटर आणि एमसीबी बॉक्सचे फोटो घेऊन या. सोमवारी दुकान बंद असतं.