अमायलॉइडचा आकडा घटला, म्हणजे मेंदूत साठा वाढला

मणक्यातल्या पाण्याचा अल्झायमरसाठीचा रिपोर्ट पहिल्यांदा हातात घेणारा हमखास गोंधळतो. अमायलॉइड हे प्रथिन मेंदूत साठल्यामुळे हा आजार होतो असं ऐकलेलं असतं आणि रिपोर्टात तर अमायलॉइड कमी! पण इथे कमी असणंच काळजीचं. अमायलॉइड ४२ हा ४२ अमिनो आम्लांचा तुकडा अतिशय चिकट. मेंदूत त्याच्या गाठी बसू लागल्या की पाण्यात उतरायला तो फारसा उरत नाही.

हाच चिकटपणा प्रयोगशाळेतही नडतो. नमुना पॉलिस्टायरिनच्या नळीत घेतला तर अमायलॉइड नळीच्या आतल्या भिंतीला चिकटतं, आकडा खोटाच खाली येतो आणि धडधाकट माणसाच्या मेंदूत आजार असल्याचं वाटतं. म्हणून पॉलिप्रॉपिलीनची, कमी चिकटणारी नळी वापरायची, आणि या नळीतून त्या नळीत ओतणं टाळायचं, कारण दर वेळी थोडं अमायलॉइड मागे राहतं. शिवाय अमायलॉइड ४२ ला अमायलॉइड ४० ने, म्हणजे ४० अमिनो आम्लांच्या तुकड्याने, भागून गुणोत्तर काढतात. भिंतीला थोडंफार दोन्ही चिकटत असल्यानं चूक बरीच भरून निघते.

हे बदल लक्षणांच्या किती आधी सुरू होतात? याचं उत्तर मिळालं ते पिढीजात अल्झायमर असलेल्या दुर्मिळ घराण्यांमुळे. आई किंवा वडिलांना ज्या वयात लक्षणं आली, साधारण त्याच वयात ती मुलांनाही येतात, म्हणून उलटी मोजणी करता येते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात पाण्यातलं अमायलॉइड ४२ त्या वयाच्या सुमारे २५ वर्षं आधी घटू लागलेलं दिसलं. १५ वर्षं आधी पेट स्कॅनवर, म्हणजे मेंदूतलं अमायलॉइड चित्रात दाखवणाऱ्या तपासणीत, साठा दिसला आणि पाण्यातलं टाऊ हे दुसरं प्रथिनही वाढलं. स्मरणशक्तीच्या चाचणीत फरक जाणवला तो १० वर्षं आधी. कोलंबियातल्या अँटिओकिया भागातल्या एका मोठ्या घराण्यात विसरणं साधारण चव्वेचाळिशीत सुरू होतं, पण पेट स्कॅनवर अमायलॉइड अठ्ठाविशीच्या आसपासच दिसू लागतं. उतारवयातल्या नेहमीच्या अल्झायमरला ही वर्षं जशीच्या तशी लावू नयेत. बदलांचा क्रम मात्र बराचसा हाच.

आता रक्ततपासणीही आली आहे. ती पी-टाऊ २१७ मोजते, म्हणजे २१७ व्या जागी फॉस्फेट जोडलेलं टाऊ. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा पहिल्या तपासणीला मान्यता दिली (ती पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड ४२ यांचं गुणोत्तर काढते), तीही फक्त ५५ आणि त्यापुढच्या वयाच्या, लक्षणं असलेल्यांसाठी. ४९९ नमुन्यांत पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी ९१.७ टक्के जणांच्या मेंदूत खरोखर अमायलॉइड होतं. काही जणांचा निकाल मात्र अधांतरी राहतो, त्यांना पेट स्कॅन किंवा मणक्याची तपासणी लागतेच. मूत्रपिंड अधू असेल तर पी-टाऊ २१७ मेंदूत काही नसतानाही वाढलेलं दिसतं, तेव्हा मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन सोबत पाहावं.

लक्षणं नसलेल्यांनी ही तपासणी हौसेनं करू नये, असं आम्ही ठामपणे सांगतो. समजा, १,००० निरोगी माणसांत १०० जणांच्या मेंदूत अमायलॉइड आहे आणि तपासणी दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक आहे. त्या शंभरातले ९० पकडले जातील, पण उरलेल्या ९०० मधलेही ९० पॉझिटिव्ह येतील. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी निम्म्यांना विनाकारण घोर.

विसरणं खरंच सुरू झालं असेल तर आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या, झोपेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास आढळते आणि ती वेळीच भरून काढता येते.