दीर्घिका : प्रकार आणि कोकण किनाऱ्यावरून निरीक्षण

तारे, वायू, धूळ आणि न दिसणारे कृष्णद्रव्य यांचा गुरुत्वाकर्षणाने बांधलेला प्रचंड समुदाय म्हणजे दीर्घिका. सुमारे १३.८ अब्ज वर्षे वयाच्या विश्वात अशा अब्जावधी दीर्घिका आहेत. त्यांपैकी आपली ती आकाशगंगा. तिची तबकडी सुमारे १ लाख प्रकाशवर्षे रुंद असून सूर्य केंद्रापासून साधारण २६,००० प्रकाशवर्षांवर आहे. देवयानी तारकासमूहातला अंधुक ढग आकाशगंगेच्या आतला की बाहेरचा, हा वाद १९२३ पर्यंत मिटलेला नव्हता. त्या वर्षी खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांना अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेच्या १०० इंची दुर्बिणीतून त्यात सेफीड जातीचा रूपविकारी तारा सापडला. अशा ताऱ्याचा तेज कमीजास्त होण्याचा काळ मोजला की खरे तेज कळते आणि त्यावरून अंतर काढता येते. ते आकाशगंगेच्या कितीतरी बाहेरचे निघाले. आजचे मान्य अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे आहे.

हबल यांनी १९२६ मध्ये केलेले आकारानुसार वर्गीकरण अजून वापरात आहे. लंबगोलाकार दीर्घिका ई० (जवळपास गोल) ते ई७ (चांगल्याच चपट्या) अशा मांडतात. त्यांत थंड वायू फारसा नसतो, त्यामुळे नवे तारे क्वचितच जन्मतात आणि जुन्या ताऱ्यांचा पिवळसर-तांबूस रंग राहतो. सर्पिल दीर्घिकांना मध्यभागी फुगवटा आणि भोवती तबकडी असते. भुजांमध्ये निळे, तरुण तारे असतात. मधून ताऱ्यांचा दांडा गेलेला असेल तर ती दंडसर्पिल. आपली आकाशगंगा याच प्रकारची. तबकडी आहे पण भुजा नाहीत ती भिंगाकार, आणि ठराविक आकारच नाही ती अनियमित. या आराखड्याकडे उत्क्रांतीचा क्रम म्हणून पाहणे चूक आहे. लंबगोलाकार दीर्घिकेची पुढे सर्पिल होत नाही. उलट दोन मोठ्या सर्पिल दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की बहुधा लंबगोलाकार तयार होते.

निरीक्षणात सर्वांत मोठी अडचण अशी की दीर्घिकेचा प्रकाश पसरलेला असतो. वर्धन वाढवले की डाग मोठा होतो, पण फिका पडतो. त्रिकोण समूहातली एम ३३ (मेसिए यादीतला क्रमांक) ही सर्पिल दीर्घिका १०×५० (दहापट वर्धन, ५० मिमी भिंग) द्विनेत्रीतून काळोख्या रात्री दिसते आणि जास्त वर्धनाच्या दुर्बिणीत मात्र हरवते. म्हणून महागड्या दुर्बिणीपेक्षा काळोखी जागा मोलाची. रत्नागिरी, देवगड, वेंगुर्ले भागातले सडे (जांभ्या दगडाची उघडी पठारे) यासाठी उत्तम. वस्ती, बंदर आणि जेटीचे दिवे मात्र पाठीमागे पडले पाहिजेत. समुद्राच्या बाजूला क्षितिजालगतचे दहा-पंधरा अंश आकाश बाष्पामुळे वाया जाते, त्यात मासेमारी नौकांचे प्रखर दिवे भर घालतात. पावसाळ्याचे चार महिने सोडूनच द्यावेत. एप्रिल-मेमध्ये भाजावळीचा (पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळण्याचा) आणि वणव्यांचा धूर असतो, तेव्हा वाऱ्याची दिशा पाहून जागा निवडावी.

देवयानी दीर्घिका नोव्हेंबरच्या मध्यात रात्री पावणेदहाच्या सुमारास डोक्यावरून किंचित उत्तरेला असते. अमावास्येच्या आसपासची रात्र धरावी, डोळ्यांना २० ते ३० मिनिटे काळोखाची सवय होऊ द्यावी आणि विजेरीवर लाल जिलेटीन कागद लावावा. महाश्व तारकासमूहातल्या चौकोनाचा उत्तर-पूर्वेकडचा तारा म्हणजे उत्तरा भाद्रपदा नक्षत्रातला एक तारा. तेथून देवयानीच्या रांगेतला दुसरा ठळक तारा गाठावा, मग शर्मिष्ठा तारकासमूहाच्या दिशेने वळून दोन फिके तारे ओलांडावेत. दुसऱ्या फिक्या ताऱ्याशेजारी लांबट, धुकट पट्टा दिसतो. थेट न पाहता नजर जरा बाजूला ठेवली की तो स्पष्ट होतो. ४ इंची दुर्बिणीतून शेजारची एम ३२ ही लहान लंबगोलाकार दीर्घिका विस्कटलेल्या ताऱ्यासारखी दिसते. छायाचित्रातल्या रंगीत भुजांची अपेक्षा ठेवून आलेल्यांची मात्र हमखास निराशा होते. इतक्या मंद प्रकाशात डोळ्याला रंग कळत नाही, भुजांनाही कॅमेऱ्याचे दीर्घ प्रकाशनच लागते.

एप्रिलमध्ये कन्या समूहाची पाळी. त्यातली एम ८७ ही महाकाय लंबगोलाकार दीर्घिका ६ इंची दुर्बिणीत मध्याकडे उजळ होत जाणारा गोल डाग म्हणून दिसते. तिच्याच कृष्णविवराची प्रतिमा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. कोकणचा खरा फायदा दक्षिणेकडे आहे. नरतुरंग तारकासमूहातली एनजीसी ५१२८ (दुसऱ्या एका यादीतला क्रमांक) ही दीर्घिका देवगडहून सुमारे ३० अंश चढते, दिल्लीहून जेमतेम १८. मेच्या मध्यात साडेदहाला ती ऐन दक्षिणेला असते. ६ ते ८ इंची दुर्बिणीत तिला मधोमध छेदणारा धुळीचा काळा पट्टा ओळखता येतो. मॅगेलनचे मेघ या दोन अनियमित दीर्घिका मात्र इथून हाती लागत नाहीत. मोठा मेघही वेंगुर्ल्याहून क्षितिजावर चारेक अंशच येतो आणि बाष्पात बुडतो.

खाऱ्या वाऱ्यात उपकरण ठेवल्यास काचेवर मिठाचा थर बसतो. तो कापडाने पुसला तर कण घासून लेप खराब होतो. आधी रबरी फुग्याने हवा मारावी, मगच काचेसाठीच्या द्रवाने हलके टिपावे. रात्री मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) वारा सुरू झाल्यावर हा त्रास कमी होतो, पण पहाटे दव पडते. त्यासाठी नळीच्या तोंडावर काळ्या जाड कागदाची, भिंगाच्या रुंदीच्या दीडपट लांबीची टोपी बसवावी आणि दुर्बीण घरात नेल्यावर ओली असताना झाकण लावू नये, नाहीतर पावसाळ्याआधीच बुरशी धरते.